नळ स्वस्त, भिंत महाग!
न्हाणीघराची फिटिंग घेताना पारख कशी करावी?

घरातील न्हाणीघर आणि संडास नव्याने बांधून घ्यायचे ठरले की सगळ्या कुटुंबाला आनंद होतो. त्यासाठीचा पैसा मात्र सहज आलेला नसतो. कोणी बोनस बाजूला ठेवलेला असतो, कोणी भिशी उचललेली असते, कोणी पतपेढीचे कर्ज काढलेले असते. म्हणून हा पैसा कोठे घालायचा आणि कोठे वाचवायचा याचा विचार दुकानाची पायरी चढण्याआधीच झालेला बरा. एकदा आत शिरल्यावर चकाकणाऱ्या नळांची रांग समोर येते, विक्रेत्याचे बोलणे सुरू होते आणि आपला हिशेब मागे पडतो.

पुनावळे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या बाजूला आज उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्याच सावलीला गावठाणातील जुनी घरे, गुंठा-दीड गुंठ्यावरची बैठी घरे आणि भाड्याच्या खोल्याही आहेत. हिंजवडी, चाकण, भोसरी, तळेगाव येथे कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी अशा घरांतील सिमेंटची मोरी काढून टाईल्सचे न्हाणीघर करायचे म्हटले की प्रश्न एकच पडतो. स्वस्तातले घेतले तर टिकेल काय?

याचे उत्तर ‘हो’ असेही आहे आणि ‘नाही’ असेही. कोणती वस्तू स्वस्त घेतली यावर ते अवलंबून आहे.

भिंतीच्या आत आणि भिंतीच्या बाहेर

पहिला नियम लक्षात ठेवावा. जी वस्तू टाईलच्या मागे किंवा फरशीच्या खाली जाणार आहे, तिथे काटकसर करू नये. जी वस्तू भिंतीच्या बाहेर आहे आणि पान्याने काढून बदलता येते, तिथे जरूर करावी.

भिंतीच्या आत काय जाते? पाईप, एल्बो, टी, कन्सील्ड स्टॉप कॉक, शॉवरच्या डायव्हर्टरचा आतला भाग आणि फरशीखालची नाहणी ट्रॅप. भिंतीच्या बाहेर काय राहते? बिब कॉक, बेसिनचा पिलर कॉक, अँगल कॉक, शॉवर, हेल्थ फॉसेट, फ्लशची टाकी, टॉवेलची दांडी. लोक नेमके उलटे करतात. दिसणाऱ्या नळावर पैसे ओततात आणि न दिसणारा पाईप ‘कोणताही चालेल’ म्हणून प्लंबरवर सोडून देतात.

एक साधा हिशेब मांडू. समजा, कन्सील्ड कॉक घेताना ४०० रुपये वाचवले आणि दोन-तीन वर्षांत तो आतून गळू लागला. आता टाईल फोडायची, गवंड्याचा आणि प्लंबरचा रोज द्यायचा, सिमेंट-वाळू आणायची. जुन्या डिझाईनची टाईल बाजारात मिळत नाही, म्हणून भिंतीला ठिगळ दिसणार ते वेगळेच. हा सगळा खर्च ५,००० रुपये धरला, तरी वाचवलेल्या रकमेच्या साडेबारा पट झाला. शिवाय गळती एकदम दिसत नाही. आधी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. मजल्यावरचे घर असेल तर खालच्या शेजाऱ्याच्या स्लॅबमधून पाणी ठिबकते आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात वाकडेपणा येतो.

पाईपबद्दल दोन गोष्टी. गिझरचे गरम पाणी येणार असेल तर फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाईप घ्यावा. पांढरा यूपीव्हीसी पाईप थंड पाण्यासाठी आहे, गरम पाण्याने तो मऊ पडतो. दुसरे, भिंतीतून जेथे नळ बाहेर येतो तेथे आत पितळी आटे बसवलेला एल्बो लावावा. नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यात नळ दोनदा काढला-घातला की आटे झिजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. टाईल लावण्याआधी लाईनची दाबचाचणी करून घ्यावी. सर्व तोंडे बंद करून हातपंपाने पाणी दाबून भरतात आणि काही तास पंपावरच्या मीटरचा काटा पाहतात. काटा खाली आला तर कोठेतरी गळती आहे. हे काम प्लंबरकडून आधीच बोलून घ्यावे. ‘आम्ही वीस वर्षे काम करतो, गरज नाही,’ असे कोणी म्हणाले तरी आग्रह सोडू नये.

पितळ, झिंक की प्लॅस्टिक?

येथे आपल्या पट्ट्यातील कामगारांना एक मोठा फायदा आहे. आपल्यातील कितीतरी जण लेथवर, डायकास्टिंगला, प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम करतात. पितळ कसे दिसते, झिंकचे कास्टिंग कसे असते, क्रोमखाली निकेलचा थर का देतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मात्र हे ज्ञान कंपनीच्या गेटवरच ठेवून आपण दुकानात जातो आणि विक्रेता सांगेल ते ऐकतो. ते ज्ञान दुकानात घेऊन जावे. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांनी अशा एखाद्या शेजाऱ्याला बरोबर न्यावे.

बाहेरून क्रोम चढवलेले पितळ आणि क्रोम चढवलेले झिंक सारखेच चकाकते. फरक पाहायचा तो नळाच्या मागच्या तोंडात, आट्यांच्या आतल्या बाजूला. तेथे क्रोम सहसा पोहोचत नाही. पितळ पिवळे दिसते, झिंक राखाडी दिसते. दुसरी खूण वजनाची. एक घन सेंटीमीटर पितळ साधारण साडेआठ ग्रॅम भरते, तर झिंकचे मिश्रण साडेसहा ते पावणेसात ग्रॅम. हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायचा काटा असतोच. सारख्या मापाचे दोन नळ त्यावर ठेवून पाहावेत. जड नळ बहुधा पितळेचा किंवा जाड धातूचा निघतो. पण वजनावर एकट्यावर विसंबू नये, आत डोकावून पाहावेच.

काही जण चुंबक घेऊन जातात. त्याचा उपयोग मर्यादित आहे. चुंबक फक्त लोखंड दाखवतो. पितळालाही तो चिकटत नाही आणि झिंकलाही नाही. म्हणून ‘बघा, चुंबक लागत नाही, म्हणजे अस्सल पितळ’ हा युक्तिवाद खोटा आहे.

झिंकच्या नळाचा दोष काय? पाण्यात तो आतून खात जातो, आटे ठिसूळ होतात आणि एक दिवस नळ बदलायला पान लावावा तर आट्याचा तुकडा भिंतीतच मोडून राहतो. नळाची मूठ झिंकची असली तर चालते, चांगल्या नळांनाही ती असते. अंग मात्र पितळेचे पाहिजे.

प्लॅस्टिकच्या नळाला नाक मुरडण्याचे कारण नाही. पीटीएमटी नावाच्या टणक प्लॅस्टिकचे नळ गंजत नाहीत आणि किमतीला परवडतात. भाड्याच्या खोलीला, अंगणातील नळाला, संडासातील बादलीच्या नळाला असा आयएसआय खुणेचा नळ हलक्या झिंकच्या नळापेक्षा केव्हाही चांगला. फक्त तो पान्याने जोर लावून आवळू नये आणि त्याला पाण्याची बादली अडकवू नये.

वायसर की चकती?

नळाचा जीव त्याच्या आतल्या भागात असतो. जुन्या पद्धतीच्या नळात दोन-चार फेरे फिरवून रबरी वायसर खाली दाबला जातो. नव्या पद्धतीच्या नळात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात आणि पाव फेऱ्यात नळ उघडतो किंवा बंद होतो. विक्रेता दुसऱ्या प्रकाराची स्तुती करतो आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मुले व म्हातारी माणसे तो सहज फिरवतात. शिवाय मुठीच्या दिशेवरून नळ उघडा आहे की बंद हे पाणी नसतानाही कळते.

हा शेवटचा मुद्दा आपल्या भागात मोलाचा आहे. शहराचे पाणी मुख्यतः पवना धरणातून नदीने येते, आपल्या शेजारच्या रावेत बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली. पाणी नसताना कोणी नळ उघडून पाहतो, तो तसाच राहतो आणि पाणी येते तेव्हा घरात कोणी नसते. असा प्रसंग अनेक घरांनी अनुभवला असेल.

पण त्याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. लाईन रिकामी राहून पुन्हा भरते तेव्हा प्रथम हवा येते आणि तिच्या मागोमाग गाळ, कचरा, गंजाचे कण येतात. वाळूचा बारीक कण सिरॅमिकच्या चकत्यांमध्ये अडकला की चकतीवर ओरखडा पडतो आणि नळ कायमचा ठिबकू लागतो. तो ओरखडा दुरुस्त होत नाही, आतील पूर्ण भाग म्हणजे कार्ट्रिज बदलावे लागते. वायसर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात काही रुपयांत मिळतो आणि घरातील कोणीही बसवू शकतो.

मग काय करावे? थेट महापालिकेच्या लाईनवरच्या नळाला वायसरचा पितळी नळ ठेवावा. वरच्या टाकीतून येणाऱ्या नळांना पाव फेऱ्याचे नळ घ्यायला हरकत नाही, पण टाकीत पाणी येण्याच्या जागी जाळीचा वाय स्ट्रेनर बसवावा आणि महिन्याला तो धुवावा. कार्ट्रिज घेताना दुकानदाराला विचारावे, ‘हा भाग सुटा मिळतो काय? मग दाखवा.’ ज्या नळाचा आतला भाग सुटा मिळत नाही, तो नळ कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याबद्दल एक सूचना. आपल्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. नळावर आणि शॉवरच्या भोकांवर त्याचा पांढरा क्षार बसतो. तो काढायला संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, त्याने क्रोम उडते. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ गुंडाळून ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे.

शॉवरची हौस आणि टाकीची उंची

शोरूममध्ये ताटाएवढा शॉवर पावसासारखा कोसळतो, कारण त्यामागे पंप असतो. आपल्या घरी टाकी स्लॅबवर असते. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. बैठ्या घरात टाकीच्या तळापासून शॉवर दीड-दोन मीटर खाली असेल तर दाब ०.१५ ते ०.२ बार एवढाच. पुष्कळ मोठे शॉवर आणि एका दांड्याचे मिक्सर अर्धा ते एक बार दाब धरून बनवलेले असतात. ते आपल्या घरी नुसते ठिबकतात. म्हणून खोक्यावर किमान दाब किती लिहिला आहे ते वाचावे. बैठ्या घराला लहान तोंडाचा साधा शॉवर आणि भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर योग्य. वॉल मिक्सर बिघडला तर काढून दुरुस्त करता येतो. कन्सील्ड डायव्हर्टरला त्याच कंपनीचा भाग शोधत फिरावे लागते.

नळाची उंची ठरवताना घरातील भगिनींना विचारावे. ज्या बादलीने रोज पाणी भरायचे ती बादली प्रत्यक्ष भिंतीशी ठेवून माप घ्यावे. हे एवढे न केल्यामुळे नव्या नळाखाली बादली तिरकी करून भरणारी घरे पुष्कळ आहेत.

संडासाचे भांडे आणि फ्लश

भांडे भारतीय बैठकीचे असो की कमोड, चिनी मातीचा दर्जा महत्त्वाचा. चांगल्या भाजणीच्या मातीत पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नसते. हलकी माती पाणी शोषते, काही काळाने तिच्यावर बारीक तडे व पिवळे डाग पडतात आणि वास जात नाही. दुकानात भांड्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा असण्याचा संभव आहे. कमोड सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का पाहावे. हात घालून ट्रॅपच्या आत चकाकी पोहोचली आहे का हे चाचपावे. खरबरीत लागले तर तेथे घाण अडकणार.

जुनाच ड्रेनेज पाईप ठेवायचा असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून चिठ्ठीवर लिहून न्यावे. चार, नऊ आणि बारा इंच अशा वेगवेगळ्या अंतराचे कमोड येतात. माप चुकले तर भांडे परत नेण्याची पायपीट होते.

फ्लशच्या टाकीचा हिशेबही करून पाहावा. जुनी टाकी एका वेळी १० लिटर सोडते असे धरू. पाच माणसे, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, म्हणजे २५० लिटर. दोन बटणांची ६ व ३ लिटरची टाकी असेल तर प्रत्येकी एकदा पूर्ण आणि चारदा अर्धा फ्लश, म्हणजे माणशी १८ आणि एकूण ९० लिटर. दिवसाला १६० लिटर पाणी वाचले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरतात, म्हणजे एका माणसाच्या वाट्याहून अधिक पाणी येथेच वाचले.

छोट्या वस्तू, मोठे नुकसान

घरात पाणी भरते ते बहुतेक वेळा नळ फुटून नव्हे, तर बेसिनखालच्या किंवा गिझरच्या कनेक्शन पाईपमुळे. ही वस्तू सर्वांत स्वस्त म्हणून शेवटी आणि घाईत घेतली जाते. बाहेरून स्टीलची जाळी आणि दोन्ही टोकांना पितळी नट असलेला पाईप घ्यावा. जाळीवर गंजाचा ठिपका दिसला तर परत करावा. हेल्थ फॉसेटचेही तसेच. वापर झाल्यावर त्याच्या मागचा अँगल कॉक बंद करण्याची सवय सर्वांना लावावी; सतत दाबाखाली राहिलेली नळी एक दिवस फुटते. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र अँगल कॉक असावा आणि न्हाणीघराचा मुख्य कॉक हाताला येईल अशा जागी असावा, म्हणजे एक नळ दुरुस्त करण्यासाठी सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

स्टीलच्या दांड्या व कप्पे ‘३०४’ प्रतीचे आहेत का विचारावे. ‘२०२’ प्रत स्वस्त असते, पण ओलाव्यात लवकर गंजते. घरात म्हातारी माणसे असतील तर आधाराची दांडी वेगळी घ्यावी आणि ती पक्क्या विटेच्या भिंतीत लांब बोल्टने बसवावी. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी नसते. घसरलेल्या माणसाच्या हातात ती उपटून येते आणि मग दवाखान्याचा खर्च सगळ्या नळांच्या किमतीहून मोठा होतो.

खूण वाचायला शिका

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. खूण मात्र आयएसआय हीच राहिली. ती नुसती दिसली म्हणजे झाले असे नाही. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. पितळी फॅन्सी नळांसाठी ८९३१, वायसरच्या साध्या पितळी नळांसाठी ७८१, प्लॅस्टिकच्या नळांसाठी ९७६३, चिनी मातीच्या भांड्यांसाठी २५५६ आणि सीपीव्हीसी पाईपसाठी १५७७८ हे क्रमांक आहेत. परवाना क्रमांक मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम सांगावे. खूण खोक्यावर नव्हे, वस्तूवर पाहावी.

पक्के बिल घ्या

या व्यापारात छापील किमतीवर मोठी सूट देण्याची पद्धत आहे. सूट किती टक्के यावर जाऊ नये, हातात पडणारी शेवटची किंमत दोन-तीन दुकानांत विचारून कागदावर मांडावी. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ असे सांगितले जाते. त्यात वॉरंटी बुडते. दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असली तरी ती अंगाला आहे, क्रोमला आहे की कार्ट्रिजला, हे वाचावे आणि बिलावर कंपनीचे नाव व मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. बिल मात्र हवे.

एकाच आळीतील चार-पाच घरांचे काम निघणार असेल तर महिला बचत गटाने किंवा मंडळाने मिळून यादी करावी आणि एकत्र खरेदी करावी. दर कमी होतो, आणि सर्वांकडे एकाच जातीचे नळ असल्याने सुटे भागही एकमेकांच्या उपयोगी पडतात.

थोडक्यात, दुकानात जाताना

१. भिंतीआडच्या वस्तूंची यादी वेगळी करा. त्यांच्यासाठी पैसे आधी बाजूला काढा.
२. नळाच्या तोंडात डोकावा. पिवळे दिसले तर पुढे बोला.
३. क्रोमवर फुगवटा, खरबरीतपणा, पिवळट झाक आहे का, हे उजेडात फिरवून पाहा.
४. मूठ दहा-वीस वेळा फिरवा. अडखळते की खिळखिळी वाटते ते कळेल.
५. सुटे भाग मिळतात का, ते डोळ्यांनी पाहा.
६. आयएसआय खूण व परवाना क्रमांक तपासा.
७. पक्के बिल घ्या.

काम झाल्यावरही एक परीक्षा घ्यावी. ठिबकणाऱ्या नळाखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवून घड्याळ लावावे. तो दहा मिनिटांत भरला तर तासाला १.२ लिटर, दिवसाला २८.८ लिटर आणि वर्षाला सुमारे साडेदहा हजार लिटर पाणी गेले. म्हणजे दहा हजार लिटरचा एक भरलेला टँकर आपण काही रुपयांच्या वायसरपायी गटारात ओतला. म्हणून दोन-चार वायसर, टेफ्लॉन टेपचे रीळ, सर्व बिले आणि टाईल लावण्याआधी काढलेले पाईपलाईनचे फोटो एका डब्यात घालून घरात ठेवावेत. पुढे कधी भिंतीला खिळा ठोकायचा असेल तेव्हा आधी तो डबा उघडावा.